उत्तर उताऱ्यात नाही

"हे तं म्याच म्हनलं वं, शामे. तुह्यं सांग."

आईचा हा आवाज धानाच्या बांधीतल्या पाण्यावरून यायचा. वाकलेल्या पाठीखालून, मागे वळून न पाहता. हातात धानाच्या रोपांची पेंडी, पदर कमरेला खोचलेला, पोटऱ्या चिखलानं माखलेल्या, आणि आवाज मात्र कोरडा, उन्हात वाळवून घडी घातल्यासारखा. त्या आवाजाला चाळीस वर्षं झाली. कुहीकडची ती बांधी विकली गेली, आई गेली, रोवणीला येणाऱ्या बायाही एकेक करून गेल्या. तरी शुक्रवारी दुपारी चौथीच्या वर्गात, पंखा कुरकुरत असताना, तो आवाज शामलाबाईंच्या अगदी कानाशी आला, आणि त्यांच्या हातातली लाल पेनाची टोपी खाली पडली.

झालं होतं एवढंच, की चाचणीचे पेपर गोळा करता करता त्या श्वेताच्या बाकाशी थांबल्या होत्या. श्वेता वाचनात कच्ची, वर्गात तोंड न उघडणारी. पण तिच्या पेपरात बाईंच्या रोवणीच्या उताऱ्याची पाचही उत्तरं बरोबर होती. 'एक बाई गाणं सांगते तेव्हा बाकीच्या काय करतात?' या प्रश्नापुढे तिनं नीट, रेघेवर लिहिलं होतं, 'बाकीच्या झेलतात.' शामलाबाईंना बरं वाटलं. कौतुकानंच त्यांनी विचारलं, "काय झेलतात, श्वेता?"

श्वेतानं पेपर परत ओढला, उताऱ्याच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मान वर केली. "थे नाही लिहिलं, बाई."

"लिहिलं नाही, पण तुला काय वाटतं? काय झेलत असतील त्या बाया?"

"मले नाही मालूम."

"मग उत्तर कसं लिहिलंस?"

श्वेताला बाईंची दया आल्यासारखं दिसलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन कसा लावायचा ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. "प्रश्नात 'बाकीच्या' होतं ना, बाई. मंग उताऱ्यात 'बाकीच्या' पाह्यलं. त्याच्या बाजूचं लिहून टाकलं. तुमचे सगळे उतारे असेच राह्यतात. चांगले राह्यतात."

चांगले राह्यतात. बाई पुढच्या बाकाकडे वळणार होत्या, पण पाय पाण्यातून उचलल्यासारखा जड झाला. बावीस वर्षं त्या उतारे करत आल्या होत्या. हिंगणा रोडवरच्या या शाळेत आणि आजूबाजूच्या चारपाच शाळांमध्ये त्यांचं नावच 'उतारेवाल्या बाई' पडलं होतं. पोरांना वाचून समजावं यासाठी मजकूर लागतो, आणि तसा मजकूर कुठं तयार मिळत नाही. तो वेचावा लागतो. शामलाबाई वेचत. कॅलेंडरची मागची पानं, जुनी क्रमिक पुस्तकं, बियाण्यांच्या पिशव्या, पेपरातले मुलांचे रकाने, जुलाबाच्या पुडीवर छापलेली साखर-मिठाची सूचना. मिठाईच्या रिकाम्या डब्यांवर त्यांनी दुसरी, तिसरी, चौथी अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. घरी जेवणं झाली की त्या डबा उघडून बसत, शब्दागणिक पेन्सिलीचा ठिपका देत, जोडाक्षर दिसलं की त्याच्या जागी साधा शब्द शोधत. 'वृक्ष' काढून 'झाड', 'वृद्धा' काढून 'आजी'. नवरा देवराव हसायचा, "तांदूळ निवडल्यासारखे शबद निवडतं वं तू. एखादा खडा राहू दे ना, तेवढंच दाताले काम." खडा त्यांनी राहू दिला नव्हता. त्यांच्या उताऱ्यात कुणी अडखळत नसे. पोरं सरळ एका काठावरून दुसऱ्या काठावर जात. आणि आता एका नऊ वर्षांच्या पोरीनं सांगितलं होतं, की मधे पाणीच नव्हतं.

हेही सोसलं असतं. पण श्वेताच्या पेपराचं मागचं पान अजून उलटायचं होतं. मागच्या पानावर नऊ नंबरचा उतारा होता, आणि तो हिमानीचा होता. तीन शाळांच्या शिक्षकांचे उतारे या चाचणीत पारखले जात होते, आणि कुणालाच कुणाचा उतारा कळू नये म्हणून निरीक्षक धर्मेंद्र सरांनी नावं काढून नंबर टाकले होते; पण नंबर टाकून काय होतं? गर्दीत पाठमोरी सवत ओळखू यावी, तसा तो त्यांना पहिल्या ओळीत ओळखू आला होता. हिमानी दोन वर्षांपूर्वी शाळेत आली. महाल भागातल्या जुन्या घरातली, लांब बोटांची, हसली की चष्मा नाकावरून घसरणारी. ती काही वेचत नसे. खिचडीच्या सुट्टीत पायऱ्यांवर पोरांमध्ये बसायची, ताटली मांडीवर घ्यायची आणि ऐकायची. बास. मग चार दिवसांनी त्यातलंच काहीतरी कागदावर उमटायचं, आणि पोरं ते एकमेकांच्या हातातून ओढून वाचायची. शामलाबाईंना पोरं 'बाई' म्हणत, हिमानीला 'मॅडम'. यात मुळात काही नव्हतं. पण 'मॅडम' म्हणताना पोरं धावत येत, आणि 'बाई' म्हणताना उभी राहत.

पहिल्यांदा ते टोचलं तेव्हा शामलाबाईंना वाटलं, उन्हाचा त्रास असेल. मिरच्या कापून हात धुतले तरी संध्याकाळी डोळ्याला बोट लागावं आणि मग आठवावं, तसं ते कुठूनही यायचं. हिमानीनं फळ्यावर काढलेल्या वेड्यावाकड्या कोंबडीवरून यायचं. हिमानीच्या वर्गातून एकदम उठलेल्या हशावरून यायचं. भिंतीपलीकडे कशावर हसले ते कळायचं नाही आणि कळून घ्यावंसं तर फार वाटायचं. त्यात ती पोरगी मनानं निर्मळ. रोवणीचा उतारा वाचून ती शामलाबाईंच्या टेबलाशी आली होती. "मॅडम, किती छान आहे हो हा. पण ते गाणं कुठं आहे? बाया म्हणतात ते?"

"शब्दमर्यादा असते," शामलाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला येतं का पण? मला ऐकायचंय."

"नाही येत." आणि त्यांनी हजेरीत डोकं घातलं होतं.

खोटं होतं ते. येत होतं. रोवणीची रीतच अशी होती, की पुढची बाई गाणं सांगायची आणि बाकीच्या ती ओळ झेलायच्या, तशीच मागून म्हणायच्या. पण आई पुढे असली की तिची एक खोड होती. दुसरी ओळ ती अर्ध्यात सोडून द्यायची. रोप लावणारे हात चालूच, पाणी डुचमळतंय, आणि ओळ तशीच हवेत. मागून कुणीतरी ती पुरी करायची. जिला जे सुचेल ते. सुट्टीच्या दिवशी शामला आणि तिच्या पाठची कौतिका दोघी रोवायला जात. शामला दहाची, कौतिका सातची. त्या दिवशी आई म्हणाली होती:

"पाणी लागलं वं बाई माह्या गुडघ्याले,
भाऊ उभा बांधावर..."

आणि थांबली. सगळ्या बायांनी शामलाकडे पाहिलं, कारण ती शाळेत पहिली येणारी. चुकेल अशी भीती वाटली. मग तिनं मोठ्यानं, स्पष्ट म्हटलं, "पाणी लागलं गुडघ्याले." आई मागे न पाहता म्हणाली, "हे तं म्याच म्हनलं वं, शामे. तुह्यं सांग." बाया खुदखुदल्या. आणि तिच्या शेजारून, बोरीच्या झुडपाएवढ्या उंचीवरून, नाक ओढत कौतिका म्हणाली:

"कसा देऊ हात, चिखल लागला चुड्याले."

सात वर्षांची पोर. हातात काचेची एक बांगडी नाही. एक म्हातारी बाई रोवता रोवता उभी राहिली आणि मनगटानं डोळे पुसू लागली, तर मनगटाचाच चिखल डोळ्याला लागला. आई या वेळी मागे वळली. शामलाला पुढचं काही आठवत नाही, आईचं ते वळणं तेवढं आठवतं. चेहरा कौतिकाकडे होता.

कौतिका सातवीनंतर शिकली नाही. खापरखेड्याच्या कॉलनीत तिचा संसार, नवरा वीज केंद्रात, गॅलरीतल्या तुळशीवर राखेचा थर. शामला शिकली, बाई झाली, पोरांच्या शाळा पार पडल्या, घर झालं. तरी शेवटच्या वर्षी आई राहिली ती कौतिकाकडे. शामलाबाई रविवारी सफरचंदं घेऊन जात आणि खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसत. आई डोळे मिटून अर्धी ओळ पुटपुटायची आणि कौतिका स्वयंपाकघरातून, फोडणी घालता घालता ती पुरी करायची. दोघी हसायच्या. शामलाबाई सफरचंद कापायच्या, चार फोडी, आठ फोडी, सोळा फोडी. एकदा तर त्यांना सुचलंही होतं, ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि शिट्टी थांबल्यावर त्यांना वाटलं, आता काय म्हणायचं, पन्नाशीला आली मी. कौतिका म्हणालीसुद्धा होती, "अवो अक्का, तू बी म्हन ना काही. मायले तुह्या तोंडून आयकाचं हाय." शामलाबाई म्हणाल्या, "मले नाही येत बाप्पा तुह्यासारखं." त्यातलं 'तुह्यासारखं' त्यांना स्वतःलाच लागलं.

हिमानीचा उतारा असा होता: 'आभाचे बाबा रात्रपाळीला जातात. सकाळी ते कंपनीच्या बसने घरी येतात. तेव्हा आभा शाळेत निघालेली असते. वळणावर बस हळू होते. बाबा खिडकीतून हात बाहेर काढतात. आभा दप्तर उंच करते. रोज एवढीच भेट. आज बस वळणावर हळू झाली. बाबांच्या खिडकीत दुसराच माणूस बसला होता. आभाने दप्तर उंच केले.'

संपला. पहिल्यांदा वाचला तेव्हा शामलाबाईंनी शब्द मोजले. सेहेचाळीस. चौथीला ऐंशी तरी हवेत. मग जोडाक्षरं मोजली. मग काहीच मोजायचं उरलं नाही, आणि त्या नुसत्या कागद धरून बसल्या. खाली पाच प्रश्न. दोन सरळ, तीन असे की त्यांच्या शेवटी 'असेल'. 'आभाने दप्तर का उंच केले असेल?' आणि उत्तरसूचीत, जिथं उत्तर लिहायचं असतं तिथं, हिमानीनं लिहिलं होतं, 'मुलांचं ऐकावं.' एखाद्या पाहुणीनं जेवायला यावं आणि पानावर बसून म्हणावं, आज तुम्हीच मला सांगा मी काय खाऊ, तसा काहीतरी राग त्यांना आला. असं असतं का कुठं? उत्तर उताऱ्यात पाहिजे. उताऱ्यात नसलेलं उत्तर पोरानं कुठून आणायचं?

तर त्या शुक्रवारी बाईंनी पान उलटलं, तेव्हा श्वेतानं मागच्या बाजूच्या तिन्ही 'असेल'पुढे काही लिहिलं नव्हतं. रोवणीला पाचापैकी पाच, आणि इथं कोरं. शामलाबाईंना एक गोड, लाजिरवाणा गारवा वाटला. त्यांनी हळूच विचारलं, "हे का सोडलंस? अवघड होतं ना?"

"नाही, बाई." श्वेतानं पेपर ओढून छातीशी धरला, द्यायचा नसल्यासारखा. तिचे वडीलही हिंगण्याच्या कंपनीत, तीन पाळ्यांत फिरणारे. "बाई, त्या माणसानं हात काढला का?"

"कोणत्या माणसानं?"

"खिडकीतल्या. तिनं दप्तर वर केलं, मंग त्यानं काढला का नाही? थे पाह्यल्याबिगर कसं लिहू? टाइम संपला माह्यावाला तेच पाहून राहिली होती तं."

पाहून राहिली होती. उताऱ्यात नव्हतं ते ही पोरगी पाहून राहिली होती. टोपी पडली ती तेव्हा. आणि आईचा आवाज आला तो तेव्हा.

एखाद्याला वाटेल, इतकं कळल्यावर माणूस बदलतो. शामलाबाई बदलल्या नाहीत. शनिवार-रविवार तिन्ही शाळांचे पेपर त्यांच्याकडे तपासायला होते, आणि त्यांनी ते तपासले. नऊ नंबरच्या शेवटच्या प्रश्नापुढे पोरांनी लिहिलं होतं: 'सवय लागली होती म्हणून.' 'बाबा आजारी असन म्हणून त्याले निरोप द्याले.' 'त्या माणसाले बी घरी पोरगी असन.' या शेवटच्या वाक्यावर त्यांचा हात थांबला. वाक्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्यांनी पुन्हा उत्तरसूची पाहिली. उत्तर नव्हतं. जे सूचीत नाही त्याला गुण कसे द्यायचे? नियमच आहे. आणि त्यांनी शून्य दिलं. मग दुसऱ्याला, मग सगळ्यांना. लाल शाईचं गोल, भरीव, सुरेख शून्य. शंभरावर मुलांचे पेपर, मुलामागे तीन शून्यं. देवराव चहा घेऊन आला तेव्हा म्हणाला, "एवढ्या जोरानं काहून लिहून राहिली? कागद फाटन ना." त्यांनी पाहिलं, शून्यं खरंच मागच्या बाजूला उमटली होती, आणि बोटाला लागत होती.

आज आठ दिवसांनी, पुन्हा शनिवारी, शाळा सुटल्यावर बैठक होती. तीन शाळांच्या उताऱ्यांतून बारा निवडायचे, त्यांची पुस्तिका छापायची, या भागातल्या सगळ्या शाळांमध्ये पोरांच्या हातात ती जायची. ज्याची सरासरी निम्म्याखाली तो उतारा बाद. तक्ता शामलाबाईंच्या पर्समध्ये होता. सकाळी त्या वळणावर ऑटोतून उतरल्या. मेट्रोच्या खांबांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, पोहेवाल्याभोवती कामावर जाणारी मोटारसायकलींची गर्दी होती. रस्ता ओलांडायला त्या थांबल्या, तेवढ्यात रात्रपाळीची कंपनीची बस वळणावर हळू झाली. खिडक्यांत झोपेनं माना टाकलेले लोक. एका खिडकीत एक माणूस जागा होता, करड्या शर्टाचा, कोपर बाहेर ठेवून कुठंच न पाहणारा. त्याचं त्यांच्याशी काही नातं नव्हतं. आणि शामलाबाईंची पर्स असलेला हात वर गेला.

कसा गेला ते त्यांना कळलं नाही. पर्स डोक्याच्या वर होती, आत तक्त्याचा कागद कुरकुरला. माणूस दचकला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आपल्यालाच का म्हणून. मग कोपरापासून हात उचलला, अर्धवट, संकोचून, आणि बस निघून गेली. पोहेवाला म्हणाला, "ओळखीचे हायेत का, बाई?" शामलाबाईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. छातीत काहीतरी धडधडत होतं. काढला, श्वेता, त्यानं हात काढला, असं कुणीतरी आत म्हणत होतं. आणि त्याच धडधडीत ती जुनी मिरचीही होतीच, जागच्या जागी. हे आपल्याला सुचलं असतं तर, असं अजूनही वाटतच होतं. हे आपलं का नाही.

बैठकीला बाराजण होते. शाळा शामलाबाईंचीच, वर्ग चौथीचा, बाकं लहान. सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. धर्मेंद्र सरांनी तक्ता घेतला, चष्मा चढवला. "नंबर चार. रोवणी. सरासरी चार पूर्णांक आठ. पहिला. हा कोनाचा ते सांगाची गरजच नाही." टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठी टाळी हिमानीची होती, आणि ती खरी होती. खोटी असती तर किती बरं झालं असतं, असं शामलाबाईंना वाटून गेलं. सर नंबर वाचत गेले. शेवटी म्हणाले, "आनि नंबर नऊ. एक पूर्णांक नऊ. हा काढून टाकू."

मागून एक मास्तर म्हणाले, "उत्तरसूचीतच उत्तर नाही म्हनल्यावर पोट्टे काय करन, बाप्पा! देवाले इचारन का?" हशा पिकला. हिमानीही हसली. चष्मा घसरला, तो तिनं लगेच वर केला नाही. "माझा आहे, सर," ती म्हणाली. "चूक माझीच. चाचणीत असे प्रश्न नको होते. शामला मॅडमचे बघून शिकायला पाहिजे होतं मी." आणि वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करून तिनं पेनाची टोपी लावली. टक् असा लहानसा आवाज झाला.

"चला तं," सर म्हणाले. "तपासनारे म्हनून तुमची सही, शामलाबाई. आजच पाठवून देतो."

पेन हातात आलं. लालच होतं. समोर रकाना होता, त्यावर फुली होती, फुलीवर पेन टेकवायचं तेवढं बाकी होतं. बाहेर हौदाच्या नळाला कुणीतरी पाणी पीत होतं आणि पाणी डुचमळत होतं. शामलाबाई थांबल्या. त्या थांबण्याकडे वर्गातल्या सगळ्यांनी हळूहळू पाहिलं.

"नऊची बेरीज चुकली, सर."

"अस्सं? मंग किती पाह्यजे?"

"मले नाही मालूम." बावीस वर्षांत शाळेच्या आवारात ही बोली त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. त्यांनीही नाही. "पोरायनं लिहिलं होतं. लय लिहिलं होतं. एकानं लिहिलं, त्या माणसाले बी घरी पोरगी असन. त्याले मी शून्य देलं. सगळ्याइले देलं. सूचीत लिहिलं होतं, मुलांचं ऐकावं. मी नाही आयकलं."

धर्मेंद्र सरांनी चष्मा काढला. साहेबपणा विसरून, घरच्यासारखं, त्यांनी विचारलं, "काहून पन, बाई?"

हिमानी पाहत होती. शामलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, मग पाहिलं. "जळून राहिली होती. हे आली तेव्हापासून." पेन त्यांनी बाकावर ठेवलं, घरंगळू नये म्हणून आडवं. "माह्यावाल्या उताऱ्याले गुण भेटले. पोरायनं त्यातले शबद उचलले आनि लिहून टाकले. वाचला थो तिचा. चांगला कोनता थे तुम्हाले इचाराचं असन तं मले इचारा ना, सर. आता वही न पाह्यता म्हनून दाखवा म्हनलं, तं माह्यावाला मले येत नाही. तिचा मले पाठ हाय."